आधी कांदा आत ने

"आधी तो कांदा आत ने," वर्डेल गॅस्किन्स म्हणाली. "आणि सुरीसुद्धा."

हॅलोवे गल्लीच्या तोंडाशी वळणारी टीव्हीची गाडी तिला ओट्यावरूनच दिसली होती. रस्त्यावर घोटाभर पाणी होतं. सकाळी सातला जमिनीखालचा मोठा पाइप फुटला आणि गल्लीच्या वार्षिक जेवणासाठी मांडलेल्या खुर्च्या, टेबलं, कोळशाच्या शेगड्या, सगळं उचलून वर्डेलच्या ओट्यावर आणावं लागलं. शेजारच्या नेटीने कांद्याची परात आत नेली. वर्डेलने साबण लावून दोनदा हात धुतले आणि वास घेऊन पाहिला.

गेल्या वर्षी हाच पाइप फुटला, तेव्हा ती कॅमेऱ्यासमोर बारा मिनिटं बोलली होती. पाइप कधीचा, झडप कुठे, पत्रं कुणाला लिहिली, सगळं. बटाट्याच्या सॅलडसाठी चिरायला घेतलेला कांदा तसाच टाकून उठली होती, आणि बोलता बोलता तिने डोळे पुसले. संध्याकाळी टीव्हीवर तेवढंच आलं. तीन सेकंद डोळे पुसणारी बाई, खाली अक्षरं: 'हवालदिल रहिवासी'. ही बाई एकवीस वर्षं गल्लीच्या मंडळाची अध्यक्ष आहे आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं सॅलड ही गल्ली तोंडात घालत नाही, याचा पत्ता नाही. अलाबामाहून बहिणीचा फोन आला होता, "अगं, कोण गेलं?"

"टीव्हीवर आपल्या काळ्या बायकांना दोनच कामं," वर्डेल आज ओट्यावरच्या सहाजणींना म्हणाली. "रडायचं नाहीतर किंचाळायचं. मधलं सगळं ते कापतात. म्हणून आज फक्त मधलं बोलायचं. एकच वाक्य. काही का विचारेनात, प्रत्येकीने तेच सांगायचं."

वाक्य तिने सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं.

बातमीदार जोसलिन पंचविशीतली, त्यांच्यातलीच. बूट हातात धरून पाण्यातून आली. तिने माइक नेटीपुढे धरला. "कसं वाटतंय तुम्हाला?"

"हा पाइप शंभर वर्षांचा आहे, आम्ही अकरा पत्रं लिहिली, आणि ती महापालिकेच्या दोनशे पाच नंबरच्या खोलीत पडून आहेत," नेटी म्हणाली.

"हो, पण संताप आला असेल ना?" जोसलिनने ग्लेंडाला विचारलं.

"हा पाइप शंभर वर्षांचा आहे," ग्लेंडा म्हणाली, आणि अकरा पत्रं, दोनशे पाच नंबर, सगळं म्हणून मोकळी झाली.

चौथीपर्यंत कॅमेरावाल्याला हसू दाबताना खोकला यायला लागला. जोसलिन वर्डेलजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मिस वर्डेल, ऑफिसला थोड्या भावना लागतात हो."

"आहेत ना भावना! घे की. हा पाइप शंभर वर्षांचा आहे..."

शेवटी मिस ओझेला. वय चौऱ्याऐंशी. कॅमेऱ्यासाठी खास घरी जाऊन चर्चची जांभळी हॅट घालून आली होती. तिने एक अक्षर न चुकता वाक्य म्हटलं, मग जन्मभराच्या सवयीने हात वर केला आणि म्हणाली, "आमेन!"

"आमेन!" ओट्यावरून बाकीच्या सगळ्या गरजल्या. वर्डेलसुद्धा. रविवारची सवय, कुणाला सांगावं लागत नाही. ग्लेंडाने वर टाळीही वाजवली.

वर्डेलने कपाळावर हात मारला. "झालं! मिस ओझेला, केलंत कल्याण! आता तेवढंच दाखवतील, आणि सगळं शहर आपल्याला हसेल."

"मी काय केलं गं? खऱ्या बोलण्याला आमेन म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?"

जोसलिन वायर गुंडाळत होती. "नाव काय लावू, मिस वर्डेल?"

वर्डेलने नाव सांगितलं, हुद्दाही सांगितला. जोसलिनने लिहून घेतलं. "ऑफिस काय ठेवेल, सांगता येत नाही," एवढंच ती म्हणाली आणि बूट उचलून पाण्यातून गेली.

सहाच्या बातम्यांना सगळ्या वर्डेलच्या बैठकीत जमल्या. पानं वाढलेली होती, पण घास कुणी उचलला नाही.

पडद्यावर नेटी आली. "हा पाइप शंभर वर्षांचा आहे." लगेच ग्लेंडा, "आम्ही अकरा पत्रं लिहिली." मग तिसरी, चौथी. एकीचा शब्द संपला की दुसरीने उचलायचा. मग वर्डेल एकटी. वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत, अख्खं. खाली अक्षरं: 'वर्डेल गॅस्किन्स, अध्यक्ष, हॅलोवे गल्ली मंडळ'. आमेन होतं, पण शेवटी, जिथे असायला हवं तिथेच. आणि त्यानंतर जोसलिन, अनवाणी, पाण्यात उभी: "दोनशे पाच नंबरची खोली सोमवारी सकाळी नऊला उघडते. कॅमेरा घेऊन मी दारात असेन."

मग जो गलका झाला, तो पलीकडच्या गल्लीपर्यंत गेला. नेटी ताट घेऊनच नाचली. मिस ओझेला पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हॅट बघितलीत ना माझी? हॅट?"

फोन वाजला. अलाबामा.

"वर्डेल! या वेळी रडली नाहीस गं!"

"छे! मी कशाला रडू?" वर्डेल म्हणाली आणि कमरेच्या एप्रनने डोळे पुसले. पुन्हा पुसले.

मिस ओझेलाने हॅटखालून तिच्याकडे पाहिलं. "कांदा का गं?"

"कांदाच," वर्डेल म्हणाली.

कांदा दुपारीच सॅलडमध्ये गेला होता.