राखेची रेघ

नरसिंगनं आज रेघेत लबाडी केली.

रोज उजाडायच्या आत तो चुलीतली राख घमेल्यात भरून घ्यायचा आणि संतपूरच्या वाटेवर, वाकड्या बाभळीच्या बुडाशी आडवी रेघ ओढायचा. हातपंपापासून त्या रेघेपर्यंत चारशे मीटर, टेप लावून मोजलेलं. त्याची पोरगी मंगल फौजदाराच्या भरतीसाठी पळायची आणि बाप मोबाइलातलं घड्याळ लावून रेघेवर उभा राहायचा. आज तो बाभळीपर्यंत गेलाच नाही. बराच अलीकडं, तुरीच्या बांधाशी त्यानं राख सोडली आणि सोडताना, दुसऱ्याच्या रानातल्या शेंगा तोडणाऱ्या माणसासारखं इकडंतिकडं बघून घेतलं.

दुसरं काय करणार होता बिचारा? गेल्या खेपेला पोरगी पळण्यात पास झाली होती, पेपरात पास झाली होती. यादीत नाव लागलं, विहारात हारतुरे झाले, तिच्या आईनं, कोंडाबाईनं, लेकीवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग कुठल्यातरी बड्या घरच्या पोरांनी कानात यंत्रं घालून पेपर लिहिल्याचं निघालं आणि अख्खी यादीच रद्द झाली. त्यांच्यासंगं मंगलही घरी बसली. आता पुन्हा सगळं पहिल्यापासून. हुकूम काढणाऱ्याचं काय जातंय!

मंगल रडली नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. अर्ज भर म्हटलं, भरला. पळ म्हटलं, पळायला लागली. पण एकदाही वेळेत बसेना. एकदा, निदान एकदा तिच्या कानावर ‘बसली’ हा शब्द पडावा, मग धरेल पोरगी जोर, असं नरसिंगच्या डोक्यानं घेतलं होतं.

त्यानं हात वर केला. हातपंपापासून मंगल निघाली.

अर्ध्या वाटेवर भागम्मा आपली शेरडं घेऊन आडवी आली. ह्या भागम्माला मंगलचा जुना अनुभव होता. लांबूनच आरडाओरडा सुरू व्हायचा, “सरका, सरका! शेरडं धरा वो काकू!” आणि नाही सरकलं, तर शेरडांवरून उडी. आज मंगल थांबली. चक्क थांबली. एक पिल्लू मागं राहिलं होतं, तेही निवांत जाऊ दिलं आणि मग पुन्हा पळू लागली.

“काय गं फौजदारीण, आज वरडली न्हाईस?” भागम्मानं विचारलं.

मंगल नुसती हसली.

भागम्मानं तिथूनच नरसिंगला कौतुकानं हाक दिली, “नरसिंगदादा, पोरगी लई शानी झाली की वो तुमची! केवढी तोंडाळ हुती.”

नरसिंगनं पायाखालच्या रेघेकडं बघितलं. पण आता माघार कशी घ्यायची? मंगल रेघेवर आली तशी त्यानं घड्याळाकडं न बघताच आरोळी ठोकली.

“बसली! टायमात बसली गं माय!”

“बरं,” मंगल म्हणाली आणि बांधावर बसून बुटाची नाडी सोडायला लागली. तिला धापसुद्धा लागली नव्हती.

नरसिंग वाट बघत राहिला. गेल्या वर्षी ढोरांनी रेघ पुसली होती, तेव्हा त्यानं अंदाजानं ओढलेली दुसरी रेघ हातभर चुकली होती, तर ह्याच पोरीनं केवढा तमाशा केला होता! शाळेतून टेप आणून बापाला वाकायला लावून मोजून घेतलं होतं. दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नव्हती. आता चांगलं उजाडलं होतं. बाभळ पुढं लख्ख दिसत होती. नरसिंगनं मुद्दाम खाकरून तिकडं मान वळवली. मंगलनं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

शेवटी त्यालाच राहवेना.

“मंगल, रेघ अलीकडं हाय आज.”

“व्हय. दिसलं की.”

“कवा?”

“निघतानाच. तुमी बाभळीच्या अलीकडं हुबारला होताव.”

“आन शेरडांपाशी हुबारलीस, तरी बी मी बसली म्हनलो.”

“व्हय.”

“मग भांडली न्हाईस कामून?” नरसिंगचा आवाज फाटला. “बाप लबाड बोलायलाय तुझा, तोंडावर! भांड की गं. शिव्या दे. बोल की काई तरी!”

मंगलनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता, तर त्यानं तिथंच तिची दृष्ट काढली असती. राग नव्हता. घरातल्या दमलेल्या म्हाताऱ्याकडं बघावं, तशी ती मायेनं त्याच्याकडं बघत होती.

ती उठली, त्याच्या हातातलं रिकामं घमेलं घेतलं आणि काखेत मारलं.

“रोज बाभळीपत्तूर चालत जाताव, पाय दुखतेत तुमचे,” ती म्हणाली. “उद्यापासून घरापाशीच मारा रेघ, अप्पा. मी तितवर पळते.”