पाठीचा तडा

सून ऑनलाइन जुन्या गिटारी घ्यायची, दुरुस्त करून विकायची. "पसारा नुसता," म्हणत सासूबाई नाक मुरडायच्या. आज जाहिरात बघून एक संगीतशिक्षिका आली. गिटार छेडताच तिचा चेहरा खुलला. ती पर्स उघडणार, तेवढ्यात सून म्हणाली, "थांबा, ताई. हिच्या पाठीला तडा गेला होता. मी सांधलाय, पण हात लावून बघा." सासूबाईंनी कपाळावर हात मारला. हातातोंडाशी आलेला घास गेला! शिक्षिकेने बोटाने सांधा चाचपला. मग गिटार पोटाशी धरून म्हणाली, "न विचारता खोट दाखवणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. घेते मी. हे काम कुणी शिकवलं?" सून लाजली, सासूबाईच पुढे झाल्या. "कोण शिकवणार? आपली आपण शिकली!" गिटार उचलून शिक्षिकेला गाडीपर्यंत सोडायला त्याच निघाल्या. जिन्यात शेजारीण भेटताच म्हणाल्या, "बघा, आमच्या सुनेच्या हातचं काम!"