पाचशेवा सिक्स

पेण-रोह्याच्या टेनिस क्रिकेटमध्ये पाचशे सिक्स मारलेला एकच माणूस, हैबतराव. आज अंपायर तेच होते. माझे झाले होते चारशे नव्याण्णव, वय सेहेचाळीस, आणि हा शेवटचा सीझन हे गुडघ्यांनी सांगून टाकलेलं. निडी गावाजवळच्या आमच्या शेतातली आजची मॅच हातून केव्हाच गेली होती. माझा एक सिक्स तेवढा राहिला होता.

शेवटची ओव्हर सुरू झाली तेव्हा सहा सदतीस झाले होते. आमच्याकडे दिवस मावळताना मगरिबची बांग सुरू झाली की खेळ तिथंच संपतो, उरलेले चेंडू कोणी खेळत नाय. बांग देणार माझे अब्बा, बरोबर सहा एकोणचाळीसला. मशिदीच्या खिडकीतून मैदान सगळं दिसतं, पण तीस वर्षांत त्यांनी माझी एक मॅच बघितली नाय.

"फळी फिरवून कोणाचं भलं झालंय?" एवढंच म्हणायचे. आणि बांगेला त्यांचा कधी मिनिटाचा फरक नाय.

पहिले तीन चेंडू हुकले. चौथा कड घेऊन मागं गेला.

"काका, किती वाजले?" मी ओरडलो.

"तू खेळ, वासिफ," हैबतराव म्हणाले.

पाचवाही हुकला. सहाव्याला जीव खाऊन बॅट फिरवली आणि मागं मधली दांडी उडाली. मी पिचवरच मटकन बसलो, तेव्हा कुठं बांग सुरू झाली.


हैबतरावांनी मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढं धरलं. सहा चव्वेचाळीस.