चार वर्षांचा मतदारसंघ

परदेशात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात बसून शुभ्रा एका विश्वकोशासाठी आयर्लंडमधल्या जुन्या मतदारसंघाचा इतिहास लिहीत होती. तो जेमतेम चार वर्षं टिकला. निवडणूक एकदाच झाली, तीही बिनविरोध. तिथं कुणी कधी मत दिलंच नाही.

याच कामाच्या डेडलाइनपायी तिनं गेल्या आठवड्यात गावी जाणं रद्द केलं होतं. सत्तरीतले अप्पा पहिल्यांदाच ग्रामपंचायतीला उभे होते. "यादीत नाव आहे तुझं, येऊन जा," म्हणाले होते.

शेवटचा परिच्छेद संपतो न संपतो तोच त्यांचा फोन आला. स्क्रीनवरची नजर न काढताच तिनं विचारलं, "अप्पा, निकाल?"



"एका मतानं पडलो गं. तू जेवलीस का?"