परवानगी

"आधी अर्थ सांगा, मग परवानगी," रामभाऊ म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

इंदूरच्या तुकोगंज भागातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सकाळपासून चाललेली तालीम थांबली. वार्षिक संमेलनात आठ बायका एका स्पॅनिश पॉप गाण्यावर नाचणार होत्या. गाणारी कोलंबियाची. ठेका असा, की बसलेल्याचे पाय उचलले जावेत. पण कोणीतरी अध्यक्षांचे, म्हणजे रामभाऊंचे, इंदुरी हिंदीत कान भरले होते: "भिया, इन गानों में कुछ भी रहता है."

अर्थ सांगायला संहिता उभी होती. नाशिकहून नोकरीसाठी इंदूरला येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. ऑफिसात ती दिवसभर मेक्सिकोतल्या ग्राहकांशी बोले. मंडळात स्पॅनिश येणारी ती एकटीच. अर्थ तिनं रात्रीच मराठीत लिहून काढला होता. तो कागद आता घामानं ओला झाला होता.

'मी कुठे जाते, ते तुला विचारून ठरवणार नाही. तू गप्प म्हणालास, मी गप्प बसले. ते प्रेम नव्हतं, भीती होती. आज माझा आवाज माझ्याआधी घरात शिरेल.'

हे इथे वाचायचं? समोर समितीचे पाच पुरुष. मागे दोन महिने घाम गाळलेल्या आठ जणी. शारदाताई तर सासूला 'खजरान्याच्या गणपतीच्या दर्शनाला जाते' असं सांगून तालमीला येत. शेवटच्या रांगेत वसुधाकाकू, रामभाऊंच्या पत्नी, खाली मान घालून उभ्या. संहिता एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिली.

"बोल बेटा, टाइम जातोय."

"आईचं गाणं आहे, काका. परदेशी गेलेल्या मुलाची वाट बघतेय ती."

"अरे वा! मग प्रॉब्लेम काय आहे?" रामभाऊंनी परवानगीच्या अर्जावर सही ठोकली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"खोटं आहे ते," मागून आवाज आला.

वसुधाकाकू पुढे आल्या. त्यांनी संहिताच्या हातातून कागद घेतला आणि बारीक आवाजात सगळा अर्थ वाचला. 'भीती होती' इथे त्या थांबल्या, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पुढे वाचलं. "मोबाइलवर अर्थ बघून मीच निवडलं हे गाणं," त्या म्हणाल्या.

रामभाऊंचा चेहरा उतरला. "असं असेल तर कार्यक्रमात हे होणार नाही." त्यांनी सही खोडली आणि ते तडक बाहेर पडले. बाकीचे चौघेही चपला शोधत त्यांच्या मागे गेले.

"होणार नाही तर नाही. बाहेर मैदानात नाचू," काकू म्हणाल्या. शारदाताईंनी पदर खोचला. गाणं पुन्हा लागलं.

संहिता रडायच्या बेतात होती. "काकू, सही झाली होती की! निभावलं असतं. कशाला बोललात?"

काकूंनी तिचा हात धरून तिला रांगेत घेतलं.

"त्यांच्या परवानगीसाठी मी चाळीस वर्षं खोटं बोलले, बेटा. तुझा आज पहिलाच दिवस होता."