मारुती रंगाऱ्याची बाटली

भाऊ डॉक्टरांनी बाटली खिडकीतल्या उन्हात धरली आणि उभ्या जागी एक गिरकी घेतली. कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टरांना नाचताना कोणी पाहिलं नव्हतं. बाटलीत काय आहे हे ठाऊक असलेली माणसं मात्र घाईघाईने मागे सरकली.

बाटलीत मारुती रंगाऱ्याची लघवी होती. मागच्या महिन्यात ती लाल होती, बघवत नव्हती. आज पिवळीधमक.

रंगाऱ्यांच्या लघवीतून रक्त का जातं, या एका प्रश्नाने डॉक्टरांना पछाडलं होतं. जेवताना ते याच विषयावर बोलत, त्यामुळे घरात त्यांच्या पंगतीला बसायला कोणी धजत नसे. त्यांचा सगळा संशय रंगाच्या नव्या विलायती पुडीवर. ती पुडीच मूत्राशयात गाठ उठवते, असं ते ठाण्याच्या सरकारी इस्पितळातल्या मोठ्या साहेबांना सांगायला गेले, तेव्हा साहेब पोट धरधरून हसले. म्हणून डॉक्टरांनी मारुतीला गळ घातली होती : महिनाभर पुडीला हात लावू नकोस, तुझ्या बापासारखं कापड हळद-मंजिष्ठेत रंगव. रक्त थांबलं की साहेबांचं हसू थांबेल. आणि मारुती वाचेल. हे दुसरं ते मोठ्याने बोलत नसत, पण त्यांची झोप उडवली होती ती या काळजीनेच.

"मारुती, लेका, जिंकलास!"

मारुती बाकावरून अवघडत उठला. शेजारी त्याची बायको ठमाबाई होती.

"बरा आलाय ना, डाक्तर?" मारुतीने विचारलं.

"बरा? अरे, असा सुंदर रंग मी जन्मात पाहिला नाही!"

मारुतीने लाजून खाली पाहिलं. ठमाबाईने मात्र मान ताठ केली आणि दवाखान्यातल्या बाकीच्या रोग्यांकडे एकवार बघून घेतलं.

दुपारच्या गाडीने ठाण्याला जायचं आणि बाटली साहेबांच्या टेबलावर आदळायची, असं डॉक्टरांनी ठरवूनही टाकलं. त्या भरात बूच लावताना हात हलला आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र उपरण्यावर चांगला मोठा शिंतोडा उडाला. ते मोरीवर गेले. पाणी झालं, साबण झाला, लिंबूही चोळून झालं. उपरणं विरायला आलं, पण डाग निघेना. उलट धुतल्यावर तो जास्तच खुलला.

डॉक्टर परत आले. बाटलीतला एक थेंब काचेवर घेऊन त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि डोळा लावला. रक्ताच्या पेशींची तशीच दाटी होती. मागच्या महिन्यापेक्षा जास्तच.

"मारुती, यात काय घातलंस?"

मारुती धोतराचा सोगा चाचपू लागला. उत्तर ठमाबाईने दिलं, तेही तोऱ्यात.

"मग काय तसाच आणायचा? चार माणसांतून? आमच्या घरातनं बिघडलेला रंग कधी बाहेर गेला नाय, डाक्तरसाहेब. सासऱ्यांच्या येळेपासून नाय. मीच म्हटलं यांना, आधी नीट करा, मग न्या."

"अगं बाई, मला तो बिघडलेलाच बघायचा होता!"

"शोभतं का ते?" ठमाबाई म्हणाली.

डॉक्टर ओरडणार होते, पण त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी मारुतीकडे पाहिलं. तो उभ्यानेच कळ दाबत होता. डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी त्याला हाताला धरून बाकावर बसवलं आणि स्वतःही त्याच्या शेजारी बसले.

"बरं, निदान एवढं तरी खरं सांग," ते अगदी हळू म्हणाले. "घातलीस ती हळदच ना?"

मारुतीला ते लागलं. कामाला नाव ठेवलेलं त्याला सोसेना.

"हळद? हळद उन्हात उडते, डाक्तर. गिऱ्हाईक उभं राहत नाय आता तिच्यासाठी. महिनाभर समद्यांचं काम पुडीतच केलं, मग तुमचंच कच्च्या रंगात करीन व्हय?" त्याने पुढे होऊन डॉक्टरांच्या उपरण्याचं ओलं टोक चिमटीत धरलं, उजेडात नेलं आणि मायेने चोळून पाहिलं. "धुवा हवं तेवढं. उपरणं फाटेल, पण ह्यो सुटायचा नाय."