अकरा प्रती

प्रिंटरमधून चौथं पानही तसंच आलं. पहिली ओळ डाव्या कडेला, दुसरी जरा उजवीकडे, तिसरी आणखी पुढे. पाचवी ओळ कागदच संपला म्हणून थांबली.

"जिना झालाय," योगीराज म्हणाला. "लिनक्समधी ड्रायव्हर चुकला की ओळी अशाच उतरत जातेत."

"जिना आमाला कशाला?" दारातल्या स्टुलावरून गुंडप्पा म्हणाले. "आमचं दुकान जमिनीवरच हाय."

योगीराज अंबाजोगाईहून सकाळच्या एसटीनं आला होता. कमी कळणारा कारागीर आधी केबल बदलतो. त्याहून थोडं जास्त कळणारा 'सगळं पुसून विंडोज टाकू' म्हणतो. योगीराजचं दोन्ही करून आणि म्हणून झालं होतं. पुसण्याला शिवगंगा नुसतं "नको" म्हणाली. लिनक्स या कॉम्प्युटरवर तिच्या नवऱ्यानं, बसवेश्वरनं, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून टाकलेलं. गेल्या श्रावणात तो वारला, तेव्हापासून टायपिंगचं हे दुकान बंद होतं.

आता तिनं सिरसाळ्याच्या शाळेचे सहामाहीचे पेपर आणले होते. संध्याकाळपर्यंत छापून निघाले तर दुकान तिचं. नाही निघाले तर उद्यापासून तिथं सासऱ्यांच्या पुतण्याची, शिवशंकरची, खताची एजन्सी. सासऱ्यांनी, म्हणजे गुंडप्पांनी, शब्द दोघांनाही दिला होता. भिंत मात्र त्यांनी पोत्यांच्याच हिशेबानं विती टाकून मोजली होती.

योगीराज कॉम्प्युटरमधल्या प्रिंटरच्या यादीतली नावं एकामागून एक लावून बघत होता. हा प्रिंटर यादीत नव्हताच. शेवटी "ह्याचा चुलता असंल" म्हणत त्यानं त्याच कंपनीचं एक जुनं मॉडेल निवडलं. ओळी एकाखाली एक, सरळ उतरल्या. गुंडप्पांनीसुद्धा मान पुढे काढली.

"आतापस्तोर पानं थेट धाडत होतो. आता रीतसर छपाईची रांग चालू करू," योगीराज म्हणाला आणि पडद्याकडे बघत थांबला. "वहिनी, रांगेत आधीचीच कामं अडकलीत. अकरा."

"कुनाची?"

"पाठवणारा, बसव. फाईल, निधन." तो बोटानं ओळ धरून वाचत होता. "तारीख मागल्या वर्षीची. चौदा ऑगस्ट."

"तेराला गेलता तो," गुंडप्पा म्हणाले.

योगीराजनं कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मी पाठवलं ते," शिवगंगा म्हणाली. "मामा मजकूर सांगत होते, मी टाइप करीत होते. मशीन आधी नाव विचारतं. मला त्यांचंच ठाव होतं. छापून येईना, म्हनून परत दाबलं. परत दाबलं."

कार्डं मग हातानंच लिहून टपालात टाकली होती.

"काढून टाकतो," योगीराज घाईनं म्हणाला. "बसव लिहिलं की त्यांच्या नावचं सगळं एकदम जातंय."

"थांब बे!" गुंडप्पा उठून आत आले. "वरीसभर घरात हाय हे? लोकाच्या घरचं निधनाचं कार्ड आलं तर मी उंबऱ्यावर वाचतो आन् तिथंच फाडतो. आत येऊ देत न्हाई. आन् आपल्या पोराचं असंच, न फाडता?"

"काका, पुसलं की गेलंच की ते."

"न फाडता गेलं म्हनतेत व्हय? काढ भायेर. सगळे."

योगीराजनं शिवगंगेकडे बघितलं.

"काढा," ती म्हणाली. "शाईची रिबन जुनीच राहू द्या. नवी पेपरला लागंल."

प्रिंटर किरकिरला. पहिलं पान गुंडप्पांनी घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, दुसऱ्याच कुणाच्या घरचं वाचावं तसं: "कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमचे चिरंजीव बसवेश्वर हे लिंगैक्य झाले." खाली स्वतःचं नाव होतं, तेही वाचलं. मग फाडलं. दुसरं शिवगंगेनं वाचलं, फाडलं. तिसऱ्याला गुंडप्पांचा आवाज खाली आला. पाचव्यापासून नुसते ओठ हलत होते. योगीराज प्रिंटरचं माहितीपुस्तक उघडून बसला; ते त्यानं उलटं धरलं होतं.

आधीच वाळलेली रिबन पानागणिक फिकी होत चालली. सातव्यावर तारीख दिसेना. नवव्यावर 'चिरंजीव' तेवढं लागलं. दहावं शिवगंगेनं डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि फाडलं.

अकरावं आलं. प्रिंटरच्या पिनांनी कागद टोचला होता, शाई नव्हती. गुंडप्पा ते घेऊन दारात गेले. उन्हासमोर धरलं, लांब केलं, जवळ केलं, पाठीमागून बघितलं. शिवगंगा शेजारी जाऊन उभी राहिली.

"नवी रिबन लाव," ते मागं न बघता योगीराजला म्हणाले. "शाळेचे पेपर हायत. आन् सूनबाईला मशीनमधी तिच्या नावानं आत जाता यावं असं काय तरी करून दे."

मग त्यांनी त्या कागदाची काठाला काठ जुळवून घडी घातली. पुन्हा एक घडी घातली.

"मामा, ते फाडायचं राहिलं."

"वाचताच येत न्हाई ते." गुंडप्पांनी घडी बंडीच्या आतल्या खिशात सारली. "मग फाडायचं कावून?"